भाचा भरतीला का चाललाय? त्याचं उत्तर बातमीत बसलं नाही

खाडीपलीकडचा (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, चार वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज डोकं फिरलंय म्हणून पहिला धागा काढतोय, शुद्धलेखनाला सांभाळून घ्या.

बहिणीचा मुलगा, वय १९. बारावी झाला, आयटीआय अर्ध्यात सोडली (त्यावर वेगळा धागा होईल, इथे नको). गेलं वर्षभर पहाटे साडेचारला उठून सड्यावर (गावाजवळच्या कातळी माळावर) धावायला जातो. सोबत वाडीतली आणि शेजारच्या मोहल्ल्यातली मिळून सातजण. दीड महिन्यापूर्वी तिथे एक यूट्यूब चॅनलवाला उगवला. माईक पुढे करून म्हणाला, "सैन्यात का जायचंय?"

भाचा म्हणाला, "आमच्यातला एकजण गेल्या वर्षी लागला. मग मला पण वाटलं जावं."

"जरा जोशात बोल."

दुसऱ्यांदा म्हणाला, "पगार वेळेवर येतो. आईला बरं वाटेल." तेही नको झालं. तिसऱ्यांदा वाक्य चॅनलवाल्यानेच पुरवलं, आणि हा बापडा बोलून गेला. व्हिडिओचं शीर्षक: 'कोकणच्या वाघाची पाकिस्तानला थेट धमकी!' पोराच्या डोक्यामागे आगीचा लोळ, बाजूला लढाऊ विमान. दोन दिवस पोरगा घराबाहेर पडला नाही. अजून तिठ्यावर गेला की "काय वाघा, चहा घेणार?" सुरू होतं.

गंमत पुढेच आहे. त्याच आठवड्यात एका सांजदैनिकात फोटो आला. तेच मैदान, तीच सात पोरं, पाठमोरी. मथळा: 'बेकारीने पिचलेल्या तरुणाईची भरतीकडे धाव'. म्हणजे सोमवारी वाघ आणि गुरुवारी पिचलेले! बहिणीने दोन्ही जपून ठेवलंय. तिला विचारलं का, तर म्हणते, "दोन्हीत आमचा बाळ्या कुठे दिसतो का ते बघत्ये."

तर प्रश्न असा. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी सैन्यात, नौदलात, कोस्ट गार्डमध्ये गेलं असेल तर अर्ज भरला त्या दिवशी डोक्यात नक्की काय होतं? भाषण नको, खरं सांगा.

---

ओलंखोबरं (रविवार, रात्री ९:५२)

वाचतेय. वाघाला शुभेच्छा. (हलके घ्या.)

---

गलबत_८४ (रविवार, रात्री १०:३०)

खाडीपलीकडचे, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पंधरा वर्षं नौदलात काढली, सेलर म्हणून.

वडील लालबागला गिरणीत. आमच्याकडे तेव्हा सरळ हिशोब होता, दहावी झाली की गाठोडं घेऊन मुंबई, काकाच्या खोलीत वळकटी, आणि बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभं राहायचं. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. वडील "आठ दिवसांत मिटेल" म्हणत गावी आले ते कायमचेच. त्यांची मनीऑर्डर यायची ती बंद झाली आणि तेच पडवीत बसून पोस्टमनची वाट बघायला लागले.

८४ साली मी भरतीला गेलो. गिरणी चालू असती तर आज मी निवृत्त जॉबर (गिरणीतला मुकादम) असतो. शप्पथ सांगतो, समुद्राची ओढ वगैरे काही नव्हतं. समुद्र घरामागेच होता, त्याची ओढ कसली? गणपतीत एक मामा पांढऱ्या गणवेशात आला होता आणि त्याला आजीने पाटावर बसवून आधी वाढलं होतं, बाकी आम्ही पोरं नंतर. ते मात्र डोक्यात होतं.

देशासाठी वगैरे विचार आला, पण तो पुढे, बोटीवर. रात्रीच्या वॉचला उभं राहून, खाली दोनशे माणसं झोपलीत हे माहीत असताना जे वाटतं ते. त्याला देशभक्ती म्हणायचं तर म्हणा. अर्ज भरताना कोणाला हे माहीत असतं?

---

ओलंखोबरं (रविवार, रात्री १०:४१)

पाटाचा किस्सा _/\_

---

सत्यवक्ता_९९ (रविवार, रात्री ११:१५)

म्हणजे देशभक्ती नसतेच असं सिद्ध करायचंय का? असल्या धाग्यांनीच पोरांचं मनोबल खचतं. सीमेवर उभं राहणारा काय पगारासाठी उभा राहतो? त्या चॅनलने चार लोकांना प्रेरणा दिली, तुमच्या पोटात का दुखतंय?

---

भगवती_बंदर (सोमवार, सकाळी ६:१०)

सत्यवक्तादादा, नुकतीच धावून आलेय, श्वास लागलाय, तरी लिहिते.

मी स्वतः नेव्हीच्या अग्निवीर भरतीची तयारी करतेय. ओडिशात चिलकाच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात पहिली तुकडी तयार झाली ना, मार्च २०२३ मध्ये, २,५८५ जणांची, त्यात २७२ मुली होत्या. तो संचलनाचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. आतून, कारण बाहेरून लावला असता तर आजीने रोज विचारलं असतं.

माझं कारण सांगू? पहाटे पाचला मुलगी रस्त्यावर धावताना दिसली की गावात चौकशी होते. कुठे चाललीस, कोणाबरोबर, घरी माहीत आहे का. "भरतीची तयारी" म्हटलं की चौकशी थांबते. सुरुवातीला मी भरतीसाठी धावत नव्हते, धावायला मिळावं म्हणून भरतीचं नाव घेत होते! मग एकदा १६०० मीटर वेळ लावून पाहिलं, सव्वासात मिनिटं. मुलींना आठ मिनिटं असतात. तेव्हा वाटलं, अरे, हे जमेल की.

माझीही मुलाखत झालीये एकदा. प्रश्न काय, तर "लग्नाचं काय ठरवलंय?" माझं उत्तर 'रणरागिणी' या शब्दाखाली छापून आलं. मी त्यांना पुलअप्सबद्दल सांगत होते.

---

दापोलीचे_मास्तर (सोमवार, दुपारी १:०५)

विषय माझ्या दारातला आहे, त्यामुळे जरा लांबेल.

आमच्या गावाला जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजी अमलात इथे फौजेचे पेन्शनर राहत. त्यात महार पलटणींतले निवृत्त सुभेदार-हवालदार बरेच. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ, मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. फौजेत सुभेदार. निवृत्तीनंतर ते कुटुंब इथेच दापोलीत आलं. फौजेने त्या माणसांना काय दिलं? पगार, पेन्शन आणि शाळा. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावर बसू देत नसत त्या काळात छावणीतल्या शाळेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवत. पुढे १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती थांबवली, तेव्हा महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त फौजी, आम्हाला परत घ्या म्हणून अर्ज लिहायला बसले. 'आम्हाला लढू द्या' या मागणीच्या पोटात 'आम्हाला माणूस म्हणून ओळीत उभं राहू द्या' ही मागणी होती. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात.

पहिल्या महायुद्धात शिपायाचा पगार महिना ११ रुपये. कोकणातल्या काही गावांत आजही संगमरवरी पाटी सापडते, 'या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, १९१४-१९१९, पैकी इतक्यांनी प्राण दिले'. नावं नाहीत, फक्त आकडे. पाटीवर शेवाळ असतं आणि शेजारी क्रिकेटचा स्टंप. मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकात) कूत-अल-अमाऱ्याला वेढा पडला तेव्हा आत मराठा पलटणी होत्या, एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली. त्यांतल्या किती जणांनी भरतीच्या दिवशी मेसोपोटेमिया हे नाव ऐकलं असेल?

माणगावला तहसील कचेरीपाशी यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. पळसगावचा पोरगा, १० जुलै १९४४ ला इटलीत पडला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२. मी शाळेच्या सहली तिथे नेत असे. मुलं पुतळा बघत आणि पहिला प्रश्न विचारत, "सर, तो इटलीला कशाला गेला?" याचं उत्तर मला तीस वर्षांत नीट देता आलं नाही.

आता बातम्यांकडे. १५ फेब्रुवारी १८९८ ला क्युबात हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली. अडीचशेवर खलाशी मेले. न्यूयॉर्कच्या खपाऊ पत्रांनी चौकशीच्या आधीच ठरवून टाकलं, हे स्पेनचं काम. एका पत्राने गुन्हेगार दाखवणाऱ्याला ५०,००० डॉलर बक्षीस लावलं. एप्रिलमध्ये युद्ध जाहीर, स्वयंसेवकांच्या रांगा. १९७६ मध्ये अमेरिकेच्याच एका अ‍ॅडमिरलने तज्ज्ञ बसवून अभ्यास केला, तेव्हा निष्कर्ष निघाला की बहुधा बोटीतल्याच कोळशाच्या कोठारात आग धुमसत होती. पिवळी पत्रकारिता हा शब्द त्याच काळातला.

---

ओलंखोबरं (सोमवार, दुपारी १:२२)

मास्तर, दंडवत. पण क्युबाहून आता वेळणेश्वरला या.

---

तालुका_प्रतिनिधी (सोमवार, रात्री ११:५०)

मी या धंद्यातला आहे म्हणून खोटं नाव घेतलंय. शिव्या खाण्याची तयारी ठेवून लिहितो.

तालुक्याच्या बातमीदाराला पगार नसतो, मानधन असतं, आणि तेही मिळवलेल्या जाहिरातींवर अवलंबून. मी पाठवतो, 'मैदानावर सात मुलांचा सराव, सोयी नाहीत, रात्रीचा दिवा नाही'. ज्या टेबलावर मथळा बसतो ते मुंबईला. तिथल्या माणसाने सडा पाहिलेला नाही. त्याच्याकडे दोन साचे आहेत, 'वाघ' आणि 'पिचलेले'. बातमी ज्यात बसेल त्यात घालतो. दिव्याचा मुद्दा कापला जातो.

१८ ऑगस्ट २०२२ आठवतो? हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. मी तिथे होतो. आमच्या भागात १९९३ चं शेखाडी आणि दिघी कोणी विसरलेलं नाही, शस्त्रं आणि आरडीएक्स तिथेच उतरलं होतं, मग मुंबईत २५७ माणसं गेली. त्यामुळे लोक घाबरले ते खोटं नव्हतं. पण दुपारपर्यंत वाहिन्यांवर अतिरेकी मुंबईत शिरले होते, कुठे किती हेसुद्धा ठरलं होतं. मला फोनवर विचारत होते, "गावकऱ्यांनी कोणाला पळताना पाहिलं का? नाही? मग 'पाहिल्याची चर्चा' असं म्हण." त्याच दिवशी विधानसभेत गृहमंत्र्यांनी सांगितलं, बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, जूनमध्येच इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन जहाजाने वाचवलं, रिकामी बोट वाहत आली. ही दुसरी बातमी मी चारशे शब्दांत पाठवली. आतल्या पानावर बोटभर आली.

आणि आता जे कबूल करायला जड जातंय ते. त्या संध्याकाळी वाडीतली दोन पोरं माझ्याकडे आली, "दादा, कोस्ट गार्डचा फॉर्म कुठे भरतात?" तेव्हा भडक बातमीने कोणी जातच नाही हे खरं नाही. जातात. सत्यवक्ता, एवढं तुमचं बरोबर.

---

सडा_अकॅडमी (मंगळवार, पहाटे ५:१५)

जातात, आणि परतही येतात. मी मुलांना ग्राउंडची तयारी करून घेतो, स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम झालं, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर. त्या पंधरवड्यात माझ्याकडे एकोणीस नवीन पोरं आली, काही तर दिवसभर टीव्ही बघून लाल डोळ्यांनी. पहिल्या दिवशी घोषणा काय, शिट्ट्या काय. पाऊस सुरू झाला, सड्यावर शेवाळ धरलं, नऊ फुटी खड्डा उडी मारून पार करताना गुडघे फुटले. जुलैत तिघे उरले.

त्या तिघांना विचारलं का राहिलात. एकाने सांगितलं की घरी बाप पितो, इथे पहाटे निघता येतं. दुसरा म्हणाला की जोडीदार थांबलाय म्हणून मी. तिसरा काही बोलला नाही, पण त्याचे बीम (पुलअप्स) चारवरून अकरावर गेले होते. भरतीत दहा मारले की ४० पैकी ४० मार्क. ज्याचे बीम वाढतायत तो सोडत नाही हा माझा अनुभव.

पोरं पोलिस भरतीचाही फॉर्म भरतातच. तिथेही १६०० मीटर, वर गोळाफेक. जे आधी लागेल ते. हे बातमीत कधी लिहीत नाहीत, कारण मग वाघ कुठल्या जंगलातला ते ठरत नाही.

---

सत्यवक्ता_९९ (मंगळवार, सकाळी ९:००)

ठीक आहे, पण अग्निवीर आल्यापासून सगळं वाटोळं झालंय हे तरी मान्य करा. चार वर्षांनी हाकलणार.

---

सडा_अकॅडमी (मंगळवार, रात्री ८:३०)

परवा देशभक्ती, आज वाटोळं. तुमच्यात दोन्ही साचे आहेत. :)

जे आहे ते सांगतो. जून २०२२ ला योजना आली. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, हातात २१,०००, चौथ्या वर्षी ४०,०००. जातेवेळी सेवानिधी व्याजासह साधारण ११.७१ लाख. चारातला जास्तीत जास्त एक कायम होतो, बाकी घरी, पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं भरतात ती २०२६ च्या अखेरीपासून, तोवर 'वाटोळं' आणि 'सोनं' दोन्ही आधीच छापून झालंय. मला जे दिसतं ते एवढंच की पूर्वी पोरगा लागला की महिन्यात स्थळं यायची. आता मुलीचा बाप म्हणतो, "कायम झालात की कळवा." पोरं हे जाणून आहेत. तरी फॉर्म भरतात, आणि घरी आईला सेवानिधीचा आकडा आधी सांगतात, २५ टक्क्यांचा नंतर.

---

आवशीचा_म्हणणा (मंगळवार, रात्री १०:०५)

माका लिवची सवय नाय, चेडू टाइप करून देता हा.

माझो झिल नेवीत आसा. ८ मेच्या रात्री टीव्हीर सांगी होते, आमच्या बोटींनी कराची बंदर जाळल्यानी. मागे भोंगो वाजत होतो. आदल्या दिवशी हय सरकारी सरावाचो भोंगो वाजलेलो, तो वेगळो आणि ह्यो वेगळो ह्या कळाक माका येळ लागलो. घरात बसलेले शेजारी टाळये वाजवक लागले. माका टाळी वाजवक येय ना. बोट गेली म्हणजे झिलय गेलो ना रे थय! फोन लागना नाय. घोवान टीव्ही बंद केल्यान तर शेजारी म्हणतत, "लाव रे, रंगात इला हा."

सकाळी कळला, तसला काय्येक झालाच नाय. कोणी माफी मागूक नाय.

तिसऱ्या दिवशी मेसेज इलो. दोनच शब्द. "जेवलंय. बरो."

तो कित्याक गेलो म्हणान इचारशात तर सांगतंय. बापाशीची होडी इकलेली, कर्जापायी. तेका होडीर रवाचा होता. मोठी मिळाली.

---

तालुका_प्रतिनिधी (मंगळवार, रात्री १०:४०)

वहिनी, त्या भोंग्याबद्दल १० मेला नागरी संरक्षणवाल्यांनी वाहिन्यांना लेखी सूचना काढली होती, कार्यक्रमात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका, लोकांना खऱ्या भोंग्याची किंमत राहणार नाही. ती सूचना मी बातमी म्हणून पाठवली होती. लागली नाही.

---

गलबत_८४ (मंगळवार, रात्री ११:२०)

मी सहा वर्षांचा होतो. ९ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. आमच्या वाडीत एकच रेडिओ, खळ्यात ठेवलेला. आकाशवाणीने फार थोडं सांगितलं, आणि ते सांगितल्यावर कोणी बोललंच नाही. बायका उठून कोणाकोणाच्या घरी गेल्या, ज्यांची मुलं नौदलात होती त्यांच्या. कोणती बोट ते माहीत नसताना.

वहिनींच्या घरी शेजारी टाळ्या वाजवायला आले हे वाचून मघापासून बसून आहे.

---

भगवती_बंदर (बुधवार, सकाळी ६:२०)

"तेका होडीर रवाचा होता. मोठी मिळाली." काकी, हे मी वहीत लिहून घेतलंय. विचारलं नाही, चालेल ना?

---

दापोलीचे_मास्तर (बुधवार, दुपारी १२:४०)

एक राहिलं. फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या तळावर नाविकांनी जेवण नाकारलं, त्या उठावात देश पेटला, हे सगळे सांगतात. त्यांच्या तक्रारींच्या यादीत निकृष्ट अन्न होतं, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या होत्या, आणि हेही होतं की भरतीच्या वेळी जे कबूल केलं ते दिलं नाही. नौदलात आपल्या रत्नागिरीकडची, त्यात कोकणी मुसलमान पोरं पिढ्यान्‌पिढ्या जात आलेली. तेव्हा पोरांना भूल घालणारा मजकूर खपाऊ पत्रांतच छापला जातो असं नाही, सरकारी जाहिरातीतही असतो. खाडीपलीकडचे, भाच्याला म्हणावं, जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाच.

---

वाघ_नाही (बुधवार, रात्री ९:१०)

मी भाचा. मामाने लिंक पाठवली. आयडी आत्ताच काढलाय.

मामा, पहिली गोष्ट, आम्ही सात नाही, सहाजण धावतो. सातवा दगडावर बसून वेळ लावतो आणि आमच्या बाटल्या सांभाळतो. त्याचा पाय लहानपणी मोडलेला. त्याला पण बातमीत पिचलेला म्हटलंय आणि तो भरतीला जाणारच नाहीये, त्याची पोफळीची बाग आहे, आमच्यात तोच श्रीमंत.

दुसरं. व्हिडिओत मी ते वाक्य म्हटलं हे खरं. त्याने जबरदस्ती केली नाही. समोर माईक आला की असं वाटतं की माझं कारण फारच लहान आहे. बाकीची पोरं पण बघत होती. म्हणून बोललो. मी सर्वात जास्त त्याचा राग धरलाय, माझाच.

का चाललोय हे मलाही नीट सांगता येत नाही. जो लागला तो सुट्टीवर आला तेव्हा काळी ट्रंक घेऊन आला, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव, नंबर. त्याने ती आमच्या पडवीत टेकवली. मला ती उचलून बघायची होती, उचलली. एवढंच आठवतं.

सध्या १.६ किमीला ५:३८ लागतात. म्हणजे आर्मीत ६० ऐवजी ४८ मार्क. साडेपाचच्या आत यायचंय. नेव्हीचा पण फॉर्म भरलाय, तिथे साडेसहा मिनिटं चालतात पण लेखीतलं गणित मला खातं. सडा अकॅडमी सर, तुम्ही गणित घेता का?

गलबतकाका, बोटीवर मासे मिळतात?

---

सडा_अकॅडमी (बुधवार, रात्री ९:३५)

गणित भगवती_बंदरला विचार, ती तुझ्याहून हुशार दिसते. आठ सेकंदांचं मी बघतो. शनिवारी ये, बूट कुठले घालतोस ते घेऊन ये. शेवटच्या चारशेत तू मागे वळून बघत असणार, सगळे बघतात.

---

गलबत_८४ (बुधवार, रात्री १०:००)

मिळतात, पण आईच्या हातचे नाहीत, आणि तिरफळ तर कुठेच नाही. मी डबीत नेत असे. चिलकाला जायची वेळ आली तर कल्याणहून कोणार्क पकड, खुर्दा रोडला उतर, आणि वरचा बर्थ घे. खालच्यावर रात्रभर कोणीतरी बसतं.